वॉशिंग्टन आणि तीस किलो सामान

२ ऑक्टोबर, गुरुवार. संध्याकाळी सहा.
हवा दमट. ३७ डिग्री. वारा नाही.

आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार, खाडा नाही. सुरुवात हवामानाने, कारण जॉर्ज वॉशिंग्टन आपल्या रोजनिशीत रोजची हवा टिपून ठेवायचा. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष. माझ्या मुलीला, झाराला, शाळेत त्याच्यावर प्रोजेक्ट आहे, त्याची फाईल डायनिंग टेबलावर पडली होती. बायकोला, शहनाझला, मेथी निवडायची होती, तिने फाईल माझ्याकडे सरकवली, मी सहज उघडली. पहिल्याच पानावर त्याची दहा वचनं. अंगावर काटा आला. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा माणूस, पण विचार अगदी माझे.

आणि का नसावेत? मीही एका अर्थाने त्याच पदावर आहे. आमचं गाव कातळबंदर, जिल्हा रत्नागिरी. गावातली चाळीसेक कुटुंबं इथे शारजा, दुबई, अजमानमध्ये. दर आठवड्याला कुणी ना कुणी गावी जातं. जाणाऱ्याला तीस किलो सामान नेता येतं. त्याचं स्वतःचं भरून जे किलो उरतात ते गावकीचे. ते कुणाला किती द्यायचे हे ठरवतो सामान-प्रमुख. म्हणजे मी. सलग अकरा वर्षं. दर गुरुवारी सात वाजता अल नहदातल्या माझ्या हॉलमध्ये लोक आपली पाकिटं उघडी घेऊन येतात. मी आतलं तपासतो, काट्याला लावतो, वहीत लिहितो, चिकटपट्टी मारतो. पगार शून्य. वॉशिंग्टनही पगार नको म्हणाला होता. मी फक्त प्रत्येक बॅगेतला एक किलो घेतो, गावी असलेल्या अम्मासाठी. तो मान आहे, पगार नाही.

साडेआठ.
तहा शनिवारी जातोय. त्याच्याकडे नऊ किलो रिकामे होते. पाच जण आले. हारुनचा एक टॉवेल, रशीदाचाचीचा अर्धा किलो खजूर, नागेशचे दोन साबण, असं सगळं मिळून साडेतीन किलो. पूर्वी याच हॉलमध्ये मिक्सर यायचे, मुलांच्या सायकली यायच्या, किलोकिलोवरून भांडणं व्हायची. आता बघा. लोकांना शिस्त लागली. अकरा वर्षांची मेहनत आहे ही. उरलेल्या साडेपाच किलोंत अम्मासाठी टँग, दूध पावडर आणि बाम. जागा वाया जाऊ देणं बरं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार.
हवा गुरुवारसारखीच असावी.

वचन क्रमांक चार: वाईट सबब सांगण्यापेक्षा सबब न सांगणं बरं. म्हणून शुक्रवार-शनिवार का लिहिलं नाही हे सांगत नाही. (इत्तिहाद रोडला दीड तास ट्रॅफिक, पाठ धरली होती, आणि माझं पेन झाराने नेलं.)

फाईल पुढे वाचली. अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली त्या सभेचा अध्यक्ष वॉशिंग्टनच होता. आमच्याकडे अकरा वर्षं सगळं तोंडी चाललंय, ही माझी चूक. आज दुपारभर बसून सामानाची घटना लिहून काढली. कलमं चौदा. मुख्य म्हणजे सत्तेची विभागणी, म्हणजे सगळी सत्ता एका हाती राहू नये. आमच्याकडे सत्ता तीन: काटा, वही आणि चिकटपट्टी. काटा माझ्याकडे राहील. वही माझ्याकडे, कारण अक्षर. चिकटपट्टी सुमैय्याला दिली. सुमैय्या म्हणजे रशीदाचाचीची सून, जबल अलीत लॉजिस्टिक्स कंपनीत मॅनेजर आहे. तिथे ती म्हणे रोज दोनशे कंटेनर हलवते. पण कंटेनर वेगळा आणि अर्धा किलो खजूर वेगळा. शिकेल हळूहळू.

तिकडे राष्ट्राध्यक्षाला हाक काय मारायची यावरही वाद झाला होता. कुणी कुणी मोठमोठ्या पदव्या सुचवल्या, शेवटी साधं मिस्टर ठरलं. मीही ठरवलं, मला कुणी साहेब म्हणायचं नाही. शहनाझला सांगितलं. ती म्हणाली, कोण म्हणतं?

झाराने फाईल टेबलावरून उचलली. म्हणाली, अब्बा, इट्स माय प्रोजेक्ट, नॉट युअर्स. मी म्हटलं, थोर माणसं सगळ्यांची असतात. ती म्हणाली, व्हॉटेव्हर.

९ ऑक्टोबर, गुरुवार.
घटना वाचून दाखवली. पंचवीस मिनिटं लागली. लोकांनी शांतपणे ऐकली. रशीदाचाचीचे डोळे मिटले होते, एकाग्रता. कलम नऊ संपल्यावर हारुन म्हणाला, हमीदभाई, यल्ला, चलो, पॅकिंग करो, मेरेकू दुकान बंद करने का है. हारुनचं इंडस्ट्रियल एरियात स्पेअर पार्टचं दुकान आहे. व्यापारी माणूस, घटनेत त्याला काय रस.

सुमैय्याने विचारलं, अंकल, हे सगळं फोनवर नाही का होणार? एक शीट करते, ज्याला जे पाठवायचं ते तो टाकेल. मी तिला समजावलं, लोकशाहीत माणसाने समोर यावं लागतं. ती ओके अंकल म्हणाली आणि चिकटपट्टी मारू लागली. मारते मात्र वाकडी.

आजचं एकूण सामान दोन किलो शंभर ग्रॅम.

१६ ऑक्टोबर, गुरुवार.
हवा बघायचं सुचलं नाही. मन थाऱ्यावर नाही.

गट पडलाय. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ऑफिसातून आलो, तर बिल्डिंगखाली किराणावाल्याजवळ हारुन, नागेश, कालच गावाहून परतलेला तहा आणि सुमैय्या कोंडाळं करून उभे. हारुनच्या हातात कागद. तो बोटाने काहीतरी दाखवत होता आणि बाकीचे माना हलवत होते. मला बघितल्याबरोबर कागद खिशात. मग म्हणतो कसा, हमीदभाई, अब मौसम अच्छा हो रहा है. माझा शर्ट घामाने चिंब होता!

नागेशकडून ही अपेक्षा नव्हती. नागेशचं कॉन्ट्रॅक्टिंगचं काम आहे, रास अल खैमाला साइट आहे. तिथून सव्वा तास गाडी मारून तो दर गुरुवारी येतो तो दोन साबण द्यायला? मला आता सगळा उलगडा होतोय. तो साबण द्यायला येत नाही, हारुनला भेटायला येतो.

वचन क्रमांक सात: गटबाजीपासून सावध राहा, ती राज्य पोखरते. वचन क्रमांक दोन: शांतता टिकवायची तर युद्धाची तयारी ठेवा. तयारी केली. कातळबंदरच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं सेटिंग बदललं. आता ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहू शकतो, म्हणजे मी. तासाभरात संपूर्ण शांतता. वॉशिंग्टनला पटलं असतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार.
जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या प्रिंटरवर वचन क्रमांक सातच्या चाळीस प्रती काढताना इजिप्तच्या मिस्री बॉसने पाहिलं. म्हणाला, मिस्टर हमीद, नो पॉलिटिक्स इन ऑफिस, हबीबी, प्लीज. मी म्हटलं, सर, धिस इज नॉट पॉलिटिक्स, धिस इज लगेज. त्याने कागद हातात घेतला, वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, गो होम अर्ली टुडे. या ऑफिसात एकवीस वर्षं झाली. डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणून लागलो, अजून डॉक्युमेंटच कंट्रोल करतोय. इथे मला कुणी काही विचारत नाही. म्हणूनच गुरुवारचं मोल.

२० ऑक्टोबर, सोमवार.
सापडलं! उपाय सापडला. फाईलचं पान चौदा.

पहिली मुदत संपत आली तेव्हा वॉशिंग्टन कंटाळला होता. घरी जातो म्हणाला, निरोपाचं भाषणसुद्धा लिहायला सांगितलं. त्याच्या हाताखाली हॅमिल्टन आणि जेफरसन, एकमेकांचं तोंड बघत नव्हते. पण या एका बाबतीत दोघांचं एकमत: साहेब, तुम्ही जाऊ नका. सगळ्यांनी गळ घातली. तो राहिला. आणि मग एकमताने निवडून आला, एक मत विरोधात नाही!

ही तर आपल्याकडची पंगत झाली. आपल्यात पहिल्या नकोला कुणी पातेलं मागे नेतं का? नको म्हणायचं असतं, समोरच्याने वाढायचं असतं. मी राजीनामा देणार. लोक गळ घालणार. मी पुन्हा नको म्हणणार. मग हारुनलाच सगळ्यांसमोर म्हणावं लागेल, हमीदभाई, तुम्हीच राहा. गट खलास.

ठिकाण: खोर फक्कान, ९ नोव्हेंबरची कातळबंदरची पिकनिक. चाळीस कुटुंबं एका जागी, शिवाय समुद्र.

२१ ऑक्टोबर, मंगळवार.
झाराने फाईल शाळेत देऊन टाकली. पंधरा ते सव्वीस पानं वाचायची राहिली. हरकत नाही, मुद्दा कळलाय.

२६ ऑक्टोबर, रविवार.
भाषण क्रमांक एक (राजीनामा) तयार. भाषण क्रमांक दोन (राजीनामा मागे घेण्याचं, सद्गदित) तयार. दुसरं जास्त चांगलं झालंय.

रशीदाचाचीकडे जाऊन आलो. गावच्या नात्याने चाची, वयाने सगळ्यांत मोठ्या, त्यांचा शब्द कुणी मोडत नाही. त्यांना विश्वासात घेऊन सांगितलं की मी पिकनिकला असं असं म्हणणार, तर पहिल्यांदा तुम्ही बोलायचं. काय बोलायचं म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्हाला मनापासून वाटेल ते. यापेक्षा उघड कसं सांगणार? त्या म्हणाल्या, बोलेन हो बाळा, मनात होतंच माझ्या. मी निर्धास्त होऊन घरी आलो.

शहनाझला बेत सांगितला. ती म्हणाली, लोक हो म्हणतील. मी म्हटलं, तुला राजकारण कळत नाही. ती म्हणाली, राजकारण नाही कळत, पण त्यांनी हो म्हटलं तर मला माझा हॉल मिळेल, मी दुवा करते. अकरा वर्षांत या बाईने गुरुवारी एकदाही पाहुणा बोलावला नाही, हे खरं. पण सार्वजनिक आयुष्यात घरच्यांना सोसावं लागतं.

३० ऑक्टोबर, गुरुवार.
एकच जण आला. नागेश. एक साबण.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी साडेसहा.
हवा छान. २४ डिग्री. आकाश निरभ्र. आजचं टिपून ठेवतोय, कारण हा दिवस लोक लक्षात ठेवतील. दोन्ही भाषणं खिशात. क्रमांक दोन उजव्या खिशात, चटकन काढता यावं म्हणून. बस सात वाजता.

संध्याकाळी सात.
जसं घडलं तसं लिहितो.

जेवणाआधी सगळे चटयांवर बसले. मी उभा राहिलो. भाषण क्रमांक एक वाचलं. अकरा वर्षं, सेवा, तब्येत, नव्या पिढीला संधी. शेवटचं वाक्य होतं, आता मला मोकळं करा. आवाज बरोबर जागी फुटला. थांबलो. रशीदाचाचीकडे बघितलं.

त्या उठल्या. म्हणाल्या, बरं केलंस बाळा. किती थकलास. मी कधीची म्हणणार होते, पण तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.

मला वाटलं ही सुरुवात आहे. मोठी माणसं आधी कौतुक करतात, मग वळणावर येतात. मी मान खाली घालून थांबलो. तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या फार वेळ चालल्या. हारुनने मिठी मारली. त्याचे डोळे ओले होते. एवढा कसलेला नट गावात दुसरा नाही. नागेशने मागून एक खोका आणला. मानेला मसाज करायची विजेवरची उशी! खोक्यावर किमतीची चिठ्ठी तशीच होती, ७९ दिरहम. शहनाझ कानात म्हणाली, म्हणजे एकोणीसशे रुपये. म्हणजे यांनी आधीच आणून ठेवली होती. म्हणजे चाचीने सांगितलं होतं. चाचीला मी सांगितलं होतं.

मी म्हटलं, पण काम कोण बघणार? घाईघाईत नको. अजून विचार करा. मी काही आजच जात नाही. हारुन म्हणाला, फिकर नॉट, सुमैय्या करेगी. सगळे म्हणाले, हो हो, सुमैय्या. एकमताने. हारुनसुद्धा नाही, सुमैय्या. जिची चिकटपट्टी वाकडी.

नंतर बिर्याणी. त्या वेळी मात्र चाळीस कुटुंबांनी मला आग्रह केला. आणखी घ्या, हमीदभाई, एवढंसं घ्या. नको म्हटलं तरी चार वेळा वाढली.

उजव्या खिशाला हात लावला नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
शांतपणे विचार केला. झालं ते तात्पुरतं आहे. लोक भावनेच्या भरात होते, समुद्राची हवा होती. गुरुवारी काम अंगावर पडलं की कळेल.

झाराची फाईल परत आली. ए प्लस. सहज म्हणून पान पंधरा उघडलं. दुसऱ्या मुदतीनंतर वॉशिंग्टन खरंच गेला. पुन्हा लोक राहा म्हणत होते, तरी थांबला नाही. आपल्या शेतावर जाऊन राहिला, आणि सगळ्या जगात त्याचं नाव झालं ते त्यामुळेच. झाराला म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, अब्बा, एव्हरीवन नोज धिस. मग थोड्या वेळाने माझ्या खोलीत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, यू कॅन कीप द फाईल इफ यू वॉन्ट.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.
सात वाजता हॉलमध्ये बसलो. मुद्दाम नाही, हॉल माझाच आहे. काटा टेबलावर ठेवला, सुमैय्या मागायला आली तर लगेच देता यावा. दार थोडं उघडं ठेवलं, हवेसाठी.

सव्वासातला बेल वाजली. पाण्याच्या बाटल्यांवाला.

शहनाझने हॉलमध्ये नवा गालिचा अंथरून बघितला. म्हणाली, एवढा मोठा हॉल आहे आपला, विसरलेच होते. तिला बरं वाटलं. तिला बरं वाटताना बघून मलाही बरं वाटायला हवं होतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार.
सुमैय्याला ग्रुपची ॲडमिन करावं लागलं, तर तिने सोमवारीच सेटिंग पुन्हा सगळ्यांसाठी उघडलं आणि शीट पाठवली. कोण कधी जातंय, किती किलो, कुणाचं काय. माझ्या चौदा कलमांचे तिने चार रकाने केले. काटा नको म्हणाली, अंकल, ज्याचं त्याने घरी वजन करून टाकायचं. विश्वासावर! बघू कसं चालतं ते. लोक काय देवदूत आहेत?

शीट रोज उघडून बघतो. चुका शोधायच्या म्हणून नाही, मार्गदर्शन करता यावं म्हणून. आज चार वेळा उघडली. शुक्रवारचा प्रवासी: रशीदाचाचीचा भाचा, दहा किलो. सामान: काही नाही. म्हणजे शीट लोकांना कळलेली नाही. मी म्हटलंच होतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.
दोन प्रवासी, मिळून सतरा किलो. सामान: काही नाही.

हे बंड आहे. लोक माझ्या बाजूने गप्प राहून निषेध करतायत. तोंडाने बोलायची भीती वाटते, म्हणून सामानच देत नाहीत. सुमैय्याला फोन करून सांत्वन केलं. म्हटलं, बेटा, खचू नकोस, अकरा वर्षांची सवय आहे त्यांना माझी. लागलं तर मी पुन्हा यायला तयार आहे, पण मला कुणी तरी तसं म्हणायला हवं. ती म्हणाली, अंकल, हारुनचाचांशी एकदा बोलाल का?

पडती बाजू घेऊन हारुन तडजोडीला येणार. भाषण क्रमांक दोन काढून ठेवलं. खोर फक्कानचा उल्लेख तेवढा खोडला.

४ डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळी सात.
सकाळी ग्रुपवर सुमैय्याचा मेसेज: तीन आठवडे कुणाचंच काही सामान नाही, म्हणून शीट बंद करते. कुणाला काही पाठवायचं असेल तर जाणाऱ्याला थेट फोन करा. त्याखाली चोवीस अंगठे. गावकीचे किलो बरखास्त. पद गेलं म्हणून वाईट वाटत होतं, आता पद कुणालाच नाही.

दुपारी हारुनच्या दुकानात गेलो. रागानेच गेलो होतो. त्याने करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा मागवला आणि समोर खुर्ची टाकली. मी म्हटलं, तुझ्या गटाने शेवटी गाव मोडलं. तो म्हणाला, कुठला गट? मी म्हटलं, मी पाहिलंय, माझ्या बिल्डिंगखाली, हातात कागद होता. तो चहा ढवळत बसला. मग म्हणाला, हमीदभाई, बुरा मत मानना. आणि ड्रॉवर उघडून तो कागद माझ्यासमोर ठेवला.

त्यावर तारखा होत्या, सगळे गुरुवार. प्रत्येक गुरुवारापुढे पाच-पाच नावं. त्यांनी पाळ्या लावल्या होत्या.

हारुन म्हणाला, तीन-चार वर्षं झाली, कुणालाच गावी काही पाठवायचं नसतं. रत्नागिरीत सगळं मिळतं, फोनवर ऑर्डर केलं की कातळबंदरला दारात येतं. इथून जो साबण पाठवतो तो तिथे स्वस्त आहे. मग लोक यायचे बंद झाले. एका गुरुवारी कुणीच आलं नव्हतं, आठवतं? तू दहा वाजेपर्यंत काटा घेऊन बसला होतास. शहनाझभाभीने रशीदाचाचीला फोन केला. तेव्हा ठरवलं की दर आठवड्याला पाच जणांनी जायचं, काहीतरी घेऊन. तुला बरं वाटेल.

मी विचारलं, नागेशसुद्धा? तो म्हणाला, नागेशने तर स्वतःहून सगळेच गुरुवार घेतले होते, कारण तू त्याच्या वडलांचं औषध एकदा रातोरात पाठवलं होतंस.

कुणीच आलं नव्हतं तो गुरुवार मला आठवत नाही. घरी आल्यावर वहीत बघितलं. वहीत लिहिलंय: आज सामान नाही, लोकांना पुढच्या वेळी वेळेवर यायची ताकीद द्यावी.

तिथे दुकानात चहा थंड झाला होता. हारुन म्हणाला, दुसरा मंगवाऊ? मी नको म्हटलं. त्याने मागवला नाही.

शहनाझला विचारलं, तू फोन केला होतास? ती हॉलमध्ये इस्त्री करत होती. म्हणाली, मग काय करणार होते? तुम्ही जेवत नव्हता.

हिला किती सोसायला लावलं, आणि ही वर माझ्यासाठी लोकांना गोळा करत होती. हॉल माझा हवा म्हणणारी हीच आणि हॉल भरवणारीही हीच. मला राग कुणावर यावा तेच कळेना.

७ डिसेंबर, रविवार. दुपारी चार.
दोन दिवस झोपून काढले. सबब सांगत नाही.

आज अम्माला फोन केला. बाकी सगळं जाऊ दे, अम्माचं पार्सल तरी मी स्वतः चालू ठेवायचं असं ठरवलं. तिला म्हटलं, पुढच्या आठवड्यात नागेश येतोय, त्याच्याजवळ टँग आणि पावडर पाठवतो, गावकीचं बंद झालं तरी तुझं बंद नाही होणार. अम्मा म्हणाली, बरं झालं बंद झालं. आता नको काही पाठवू बाबा. टँगचे डबे कोठीच्या खोलीत वरपर्यंत लागलेत. मी शेजारी वाटायची, आता शेजारीही घेत नाहीत, त्यांच्या मुलांना साखर नको असते. बामच्या बाटल्या मशिदीत दिल्या. मी म्हटलं, मग आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तू एवढ्या हौसेने पाठवायचास.

पंचावन्न वर्षांचा माणूस, कानाला फोन लावून हॉलच्या मधोमध उभा.

अम्मा म्हणाली, हॅलो? हमीद? आहेस ना? मी आहे म्हटलं. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग अम्मा म्हणाली, बरं, पाठव नागेशजवळ. पण अर्धाच किलो पाठव हां. ठेवीन मी कुठेतरी.